उलट्या वायरी

५ ऑगस्ट, सोमवार
शुक्रवारी नेमणुकीसाठी कमिटी येतेय. प्राचार्य म्हणाले, डीएनएचं प्रात्यक्षिक तुम्हीच दाखवा. म्हणजे कायम नेमणूक माझीच. शिरूरच्या या कॉलेजात अकरा वर्षं तासिकेवर काढली. तेजश्री मॅडमनी मदत करू का विचारलं. माझीच विद्यार्थिनी, जूनमध्ये तासिकेवर लागली. नको म्हटलं. विषय सोपा. जेल म्हणजे पावडर उकळून केलेली खरवसासारखी वडी, पाण्यात बुडवून ठेवायची. तिच्यात बारीक छिद्रं असतात. डीएनएवर ऋण भार, त्यामुळे करंट दिला की तो धन टोकाकडे ओढला जातो. लहान तुकडे छिद्रांतून पटापट पुढं जातात, मोठे अडखळत मागं राहतात. संकल्प : रोज एक जेल.

६ ऑगस्ट
जेल घट्ट व्हायच्या आत खाचा पाडायचा कंगवा उपसला. डीएनए भरायच्या त्या खाचा फाटल्या. पावडरच हलकी आहे.

७ ऑगस्ट, दुपारी ३
वेळ वाचावा म्हणून व्होल्टेज दुप्पट केलं. शिपाई म्हाळूमामा म्हणाले, "सर, पानी वाफाळाया लागलंय." जेल वितळली. थिअरी पक्की आहे.

८ ऑगस्ट
जास्त सरावानं हात बिघडतो. चारच्या जीपनं तळेगावला घरी.

९ ऑगस्ट, शुक्रवार
कमिटी आली. निळा रंग मिसळलेला डीएनए खाचांत भरला. थेंब सांडला नाही. करंट सुरू करून समजावत राहिलो. निळी रेघ पुढं जायच्याऐवजी मागं सरकली आणि जेलबाहेर पाण्यात गेली. तेजश्री मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, वायरी उलट लागल्यात." मी कमिटीला सांगितलं, चूक कशी होते ते मुद्दाम दाखवलं. कमिटीतल्या बाई म्हणाल्या, छान, आता बरोबर दाखवा. डीएनए संपला होता. चहा पिऊन गेले. मला विशेष काही वाटलं नाही.

१३ ऑगस्ट
नेमणूक तेजश्री मॅडमची. त्या भेटायला आल्या. मीच अभिनंदन केलं. मग डबा खाल्ला. भेंडी होती.

१६ ऑगस्ट
मॅडमचं प्रॅक्टिकल, नव्या पहिल्या वर्षाला. यांना मी अजून शिकवलेलं नाही. मागं जाऊन उभा राहिलो. दिव्याखाली जेलमध्ये डीएनएच्या पट्ट्या स्वच्छ दिसत होत्या, एकीखाली एक. शेजारच्या मुलीनं सरकून जागा दिली. म्हणाली, "या दादा. तुमचंबी ॲडमिशन लेट झालं का?"
मी व्हय म्हणालो. तिनं वही पुढं केली. मी तिच्यातली आकृती उतरवून घेतली.