दुपारची हाक आणि गडग्यातला डबा

दिनांक : २६ फेब्रुवारी २००७

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, रत्नागिरी

अर्जदार : श्रीमती दमयंती सखाराम नेवरेकर, वय ६४, रा. धारेवाडी, पो. पावस, ता. जि. रत्नागिरी

विषय : धारेवाडी येथील गुरचरणाच्या गडग्यात एक प्लास्टिकचा डबा राहू देण्याबाबत.

संदर्भ : कु. उर्वी, पुणे यांचे दि. ९ जानेवारीचे पत्र (सोबत जोडले आहे).

महोदय,

१. मी वरील ठिकाणी एकटी राहते. वाडीत सात घरे आहेत, पैकी सहांना कुलपे आहेत. यजमान बोटीवर नोकरीला होते, ते १९९८ साली वारले. मूलबाळ नाही. जमिनीचा वाद नाही, कुणाशी भांडण नाही, हे आधीच लिहिते, कारण अर्ज म्हटला की कुणालाही तेच वाटते.

२. माझ्या अंगणासमोर पाणंद व पाणंदीपलीकडे गुरचरणाचा गडगा, म्हणजे चिरे रचून केलेली बुटकी भिंत, आहे. डिसेंबर २००३ मध्ये आमचे शेजारी भास्करभावोजी घर बंद करायला आले, तेव्हा त्यांचा मुलगा शौनक याच्या हातात मोबाईलएवढे एक यंत्र होते. आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत त्याचे आकडे उपग्रहांकडून त्यावर उमटतात. या आकड्यांवर एक छंद चालतो, त्यास जिओकॅशिंग म्हणतात. एकाने डबा लपवायचा व आकडे इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्याने शोधत यायचे, डब्यातल्या वहीत नाव लिहायचे, डबा होता तसा ठेवायचा आणि निघून जायचे. आतली वस्तू घेतली तर तिच्या तोडीची दुसरी ठेवायची. बक्षीस काही नाही. एवढ्या लांब येऊन नुसते नाव लिहून जायचे, हे मला देवदर्शनासारखेच वाटले.

यजमान बोटीवरून पत्र लिहीत तेव्हा वर असेच आकडे घालीत, अंश आणि कला, "आज इथे आहे" म्हणून. आमच्या वाडीलाही तसे आकडे आहेत, हे मला शौनकने यंत्र हातात दिले त्या दिवशी कळले. त्याने गडग्याचे दोन चिरे सरकवून डबा आत ठेवला आणि म्हणाला, "काकी, कुणी कितीही विचारलं तरी सांगायचं नाही हां. मजा जाते." मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घराला कुलूप लागले.

३. आता माझ्या नेमाविषयी लिहिणे भाग आहे. पहाटे स्नान, तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, आणि दुपारी जेवणाआधी हाक. हा शेवटचा नेम सासूबाईंनी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मला दिला. पान वाढून झाकून ठेवायचे, अंगणाच्या बेड्याशी, म्हणजे फाटकाशी, जायचे आणि तीनदा विचारायचे, "कुणी जेवायचं राहिलंय काय?" उत्तर आले तर दुसरे पान मांडायचे. नाही आले तर आत येऊन जेवायचे. माझा आवाज तसा लहान. माजघरात बोललेले पडवीत ऐकू जात नाही, असे यजमान म्हणत. पण ही हाक मात्र जाते. पूर्वी या वाटेने पावसला चालत जाणारी माणसे असत, कुणीतरी थांबे. पुढे खालून डांबरी रस्ता झाला, वाट मोडली. १९९९ नंतर हाकेला उत्तर आले नाही. नेम मोडलेला नाही.

४. दि. १४ मार्च २००४ रोजी तिसऱ्या हाकेला गडग्यामागून आवाज आला, "मी! मी राहिलोय!" माझ्या हातातला तांब्या खाली पडला. मुंबईचा दर्शन नावाचा मुलगा गुडघ्यांवर बसून चिरे चाचपत होता, सकाळपासून पोटात चहा फक्त. कुळथाचे पिठले आणि भात होता, घाईने पापड भाजला. त्याने दोनदा भात घेतला. जाताना पाया पडला आणि पुन्हा गडग्याकडे गेला. डबा कुठे आहे ते मी त्यास सांगितले नाही.

तेव्हापासून गेल्या डिसेंबरअखेर वहीत तेवीस नावे झाली. एकोणीस जण जेवून गेले. उरलेले चौघे सकाळीच आले होते, त्यास माझा इलाज नव्हता.

५. माझ्याकडून चूक झाली ती कबूल करते. एकदा मी डब्यात गुळाचे दोन खडे ठेवले. डब्यात खाण्याचे ठेवू नये हा त्यांचा नियम मला माहीत नव्हता. मुंग्यांनी पहिली वही खाल्ली. नवी वही मी घेतली व जुनीतली वाचता येतील ती नावे जपून उतरवली. पावसाळ्यात दर शनिवारी डबा पुसून कोरडा करते. मी स्वतः वहीत नाव लिहिलेले नाही, कारण मी शोधलेला नाही.

६. शौनक परदेशी गेला, दोन वर्षे त्याने डब्याची विचारपूस केली नाही. म्हणून या छंदाचे नियम पाहणारी उर्वी हिने मला पत्र लिहिले व सोबत इंटरनेटवरील चर्चेची एकवीस पाने पाठवली. मुलगी फार मर्यादेने लिहिते. चर्चा माझ्याविषयी आहे. एकाने सांगून टाकले आहे, "बारापर्यंत गडग्यावर बसून राहा. आजी बेड्याशी येऊन हाक मारतात. त्यांच्या नाकासमोर डबा." दुसरा म्हणतो, "यंत्र विकतोय मी, आजी आहेत." मुंबईचा वेद म्हणून कुणी आहे, तो जास्त रागावला आहे. "हा शोध नाही, पंगत आहे. जेवलेल्यांची नावं खोडा." त्यावर सावनी नावाच्या मुलीने त्यास सुनावले आहे, "तू आधी त्या उन्हात दोन तास चिरे उपस, मग बोल." आजीने हाक मारल्यावर सापडलेला डबा सापडला धरायचा की नाही, यावर एकवीस पाने झाली, निकाल लागलेला नाही. आजीचे नाव त्यात कुठेही नाही. त्यांचा दोष नाही, मीही कुणास सांगितले नव्हते.

७. शौनकला दिलेला शब्द मी मोडलेला नाही. तथापि माझ्या हाकेमुळे जागा कळते हे खरे आहे. म्हणून मी उपाय केले. प्रथम गडग्याकडे पाठ करून हाक मारली. तर उर्वीने कळवले की चर्चेत आले आहे, "आजी पाठ करून उभ्या राहतात, म्हणजे तिथेच." मग जानेवारीअखेरीस अकरा दिवस मी परसात जाऊन, व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, तोंड करून हाक मारली. तिकडे कुणी नसते. बाराव्या दिवशी डबा पाहायला काढला तेव्हा वहीत एक नवे नाव होते. वेद, मुंबई. खाली लिहिले होते : "डबा यंत्रावर सापडला, साडेअकराला. हाकेसाठी दीडपर्यंत थांबलो. आली नाही. आजी बऱ्या आहेत ना?"

साहेब, त्या वेळी मी परसात हाक मारीत होते. तो उपाशी गेला. त्या दिवसापासून मी पुन्हा बेड्याशीच हाक मारते.

८. उर्वीच्या पत्रातील अटी अशा : जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी, जवळपास राहणारा राखणदार, आणि हाक बंद करणे अथवा डब्याची जागा बदलणे. ३१ मार्चपर्यंत हे न झाल्यास डबा काढला जाईल व आमच्या वाडीचे आकडे इंटरनेटवरून पुसले जातील. मी ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाले, "काकी, विहिरीला परवानगी मागा, पाखाडीला मागा. डब्याला कुठल्या कागदावर देऊ? गुरचरण सरकारी, तुम्ही तहसीलदार साहेबांकडेच जा." म्हणून हा अर्ज.

९. माझे मागणे थोडे आहे. डबा गुरचरणात राहू द्यावा आणि राखणदार म्हणून माझे नाव लावावे. नवी जागा त्या मंडळींनी निवडावी. ती मला सांगू नये. ज्या दिवशी डबा हलवतील त्या दिवशी मी खालच्या वाडीत माझी मैत्रीण मालन हिच्याकडे जाऊन बसेन, दार लावून. डबा कोरडा आहे की ओला, ते येणाऱ्यांनी मला जेवताना सांगावे म्हणजे झाले. फक्त तो हाकेच्या अंतरात असावा. दि. ११ फेब्रुवारी रोजी वारा पडलेला असताना मी बेड्याशी उभी राहून हाक मारली आणि मालन ऐकत ऐकत लांब गेली. सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, एकट्या काजूपर्यंत, म्हणजे तीनशे दहा पावलांपर्यंत, ऐकू आले असे ती शपथेवर सांगते. आदेशात मीटर न घालता "हाकेच्या अंतरात" असेच शब्द घालावेत. मीटरमध्ये वारा धरला जात नाही.

डबा गेला तर माझे काय अडेल, असे साहेब विचारतील. अडणार काही नाही. १९९९ ते २००४ अशी पाच वर्षे मी रिकाम्या सड्याला विचारलेच आहे. तेव्हा कुणी येणार नाही हे मला ठाऊक नव्हते. आकडे पुसल्यावर ते ठाऊक असेल, आणि ठाऊक असताना तीनदा विचारणे मला जमेल की नाही, याची खात्री देववत नाही.

१०. निर्णयापूर्वी स्थळपाहणी करावी लागेल, ती साहेबांनी जरूर करावी. गाडी खालच्या रस्त्याला ठेवून वर चढावे लागते. बाराच्या सुमारास यावे आणि पाणंदीत थांबावे. आगाऊ कळवण्याची गरज नाही. मी साहेबांना ओळखत नाही, पण तीनदा विचारीन. साहेबांनी उत्तर तेवढे द्यावे.

आपली आज्ञाधारक व वाट पाहणारी,

(सही)
दमयंती सखाराम नेवरेकर

सोबत :
१. कु. उर्वी यांचे पत्र व चर्चेची पाने (२१).
२. वहीतील नावांची नक्कल, माझ्या हस्ताक्षरात. मुंग्यांनी खाल्लेल्या दोन नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या आहेत.
३. जागेचा हातनकाशा. बेडे, गडगा व काजू दाखवले आहेत. डबा दाखवलेला नाही.