राहिलेला अग्नी

३ मार्च १९९१, हफ्र अल बातिन, सौदी अरेबिया
युद्ध संपलं. वॉर्डात मिठाई वाटली. मीही खाल्ली.
हे अजून खाली शवागारातच. जानेवारीत फौजेच्या ट्रकखाली आले, तेव्हापासून. विमानं बंद, घरी नेणार कसं? मी वर दुसऱ्या मजल्यावर ड्युटी करते. इंजेक्शनं देते, चादरी बदलते. रडू येत नाही.

९ मार्च
गोऱ्या सैनिकांचे ट्रक दिवसभर परत चाललेत. कुवेतच्या जळत्या विहिरींचा धूर इथवर — दुपारीच दिवे लावले! दोरीवरचा गणवेश काळा झाला. पुन्हा धुतला.
मूळ रत्नागिरीच्या गफूरभाईंच्या दुकानात खोक्यांची भिंत उभी. "ताई, गिऱ्हाईक गेलं आपल्या देशात! एवढी कोल्ड्रिंक आता अंघोळीला वापरू काय?" हसले, मग माझ्याकडे बघून डाळ बांधायला लागले. डाळीचे पैसे घेईनात.

१८ मार्च
रोजे सुरू झाले. विमानंही सुरू झाली, पण शवपेटीला जागा नाही. कारकून रोज तेच म्हणतो — "बुकरा, सिस्टर, बुकरा." त्याचा उद्या काही उजाडत नाही.
मंगळसूत्र गळ्यात आहे. अग्नीच दिलेला नाही, मग सुतक कधीपासून धरायचं? इथे विचारणार कुणाला?

२४ मार्च
वाईला सासरी फोन लागला, शेजाऱ्यांकडे. सुमीतभावजी धावत आले.
"वहिनी, रागावू नका. आईची अवस्था बघवेना. गुरुजी म्हणाले, देह मिळत नसेल तर दर्भाची प्रतिमा करून अग्नी देतात. दिला. तेरावंही झालं, गाव जेवून गेलं."
"आणि हे?"
"दादाला एकदा अग्नी दिलाय. आता पुन्हा दारात देह... आईला नाही सोसायचं. तिकडे पुरतात ना? तुम्ही तेवढ्या या."
मी बरं म्हणाले. फोन ठेवला.

२५ मार्च
ड्युटी. पुरायच्या कागदावर सही करायला कारकुनाने पेन पुढे केलं. नंतर, म्हटलं.

२ एप्रिल
शुक्रवारच्या विमानात पेटीला जागा मिळाली. वाईला कळवलेलं नाही. मुंबईत उतरून थेट विद्युतदाहिनी. तिथे नुसतं बटण दाबायचं असतं म्हणतात. मी दाबेन.