पारड्यातला मणी

नाना, तुमच्या वर्गात मी चार वर्षं बसले आणि एकदाच बोलले. हाताची घडी, तोंडावर बोट, हा तुमचा नियम. त्या दिवशी न राहवून विचारलं, "दिवसा चंद्र का दिसतो?" तुम्ही पट्टी उचललीत. "विचारल्याशिवाय बोलायचं नाही." तुमचा वर्ग गावात सगळ्यांत शांत, असं लोक कौतुकानं सांगत. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं वाचन मी लग्नानंतर, ह्यांच्या बँकेच्या बदल्यांच्या गावी, एकटीनं केलं.

शेवटची बदली जयपूरची. हे २००३ मध्ये वारले आणि मी तिथल्याच दुर्गापुरा भागात राहिले. जवळच्या लहान शाळेत गोष्टींचा तास घेते. तिथं तीच चार मुलं बोलत, बाकीची ऐकत. म्हणून मी तराजू केला. ह्यांच्या थंडीच्या कोटाचा लाकडी हँगर, दोन टोकांना वाट्या, आणि लाखेचे मणी. कोट घडी करून कपाटात ठेवलाय, त्याला आता हँगर नाही. वर्गाचे दोन गट केले. बोललं की आपल्या वाटीत मणी टाकायचा. मुलांना वाटलं, जड वाटी जिंकली. असा गोंधळ झाला की माझ्या कानठळ्या बसल्या. मग नियम उलटा केला. समोरच्या गटात जो अजून बोललेला नाही, त्याला प्रश्न विचारायचा, त्यानं उत्तर दिलं की मणी त्याच्या वाटीत. शेवटी हँगर सरळ राहिला पाहिजे.

मागच्या बाकावरची मुलगी वर्षभर गप्प होती. तिला कुणीतरी विचारलं, "तेरी बकरी का नाम क्या है?"

"नाम नहीं है. तू रख दे."

वर्ग हसला, तीही हसली. मणी वाटीत पडतोय तोच दारात मुख्याध्यापक.

"मॅडमजी, ये क्लास है या सब्ज़ीमंडी?"

"मंडी में कम से कम दोनों तरफ़ से बात होती है, सर."

सोमवारी हा तराजू दिसला तर मीही यायचं नाही, असं ते म्हणाले. उद्या सोमवार. मी तराजू घेऊन जाणार आहे. घालवून दिलं तर घराच्या ओट्यावर मांडीन. येतील ती मुलं येतील. तुमचा शांत वर्ग मला नको, नाना. त्या शांततेत मी होते, म्हणून सांगते.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पोचण्यासारखं असतं तरी धाडलं नसतं. एकच सांगायचं राहिलं. मुख्याध्यापक दारात दिसले तेव्हा, उत्तर देण्याआधी, माझं बोट आपोआप ओठांवर गेलं होतं.