मोनाच्या मानेवरचा मळ

कोल्हापूर,
गुरुवार, दुपार

चि. सौ. अंबूबाई हिस थोरल्या दादाचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर हा शब्द आपल्या घराण्यात यापुढे जपून वापरायचा आहे. का, ते खाली येईल.)

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला अजून तेवढाच आहे की गावाला ऐकू जाण्याइतका वाढला? सम्राटचा नव्या ट्रॅक्टरवर बसलेला फोटो मोबाईलवर मिळाला. पाठमोरा आहे, पण नातू कुणाचा ते लगेच ओळखलं. फोन करायचा सोडून दादा पत्र कशाला लिहितोय, असं तू म्हणशील. फोन तू स्पीकरवर टाकून भाकऱ्या थापतेस आणि सम्राट शेजारी बसून सगळं ऐकतो. तेव्हा चष्मा लाव, एकटी बस आणि वाच.

आमच्या मोनाला अकरावं सरलं. अमरसिंह आणि सूनबाई दोघंही नोकरीला, त्यामुळं पोरगी दिवसभर माझ्या ताब्यात. मी एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. गाडी भरली तरी "पुढं सरका" म्हणत आणखी दहा माणसं कोंबायची सवय, तीच पोरीच्या पोटावर चालवली. शाळेतून आली की चहा-खारी, पाच वाजता शिकरण, सातला भडंग, आणि तू शिरोळच्या गाडीबरोबर पाठवतेस त्या डब्यातला लाडू मधल्या थांब्याला. येणारा-जाणारा म्हणायचा, पोरगी खात्यापित्या घरची दिसते. मी मिशीला पीळ द्यायचो.

तिची मान मात्र काळी पडत चालली होती. आपल्या घरात काळ्या मानेचा एकच अर्थ, पोरगी आंघोळ चोरते. आधी मी तिला ओरडलो. मग डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं. तू जत्रेला आलीस तेव्हा नारळाच्या शेंडीनं घासलंस, आठवत असेल. (पोरगी रडत होती आणि आपण दोघं तिला नखरेल म्हणत होतो.) शेवटी मी पायाच्या टाचा घासायची वजरी घेतली. रक्त आलं, पण मळ निघेना. मला वाटलं, कोल्हापूरच्या धुळीत काही तरी आहे.

गेल्या महिन्यात शाळेत तपासणीला डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वजन नंतर केलं, आधी वेणी बाजूला करून मान बघितली आणि मला बोलावून घेतलं. मी दारातूनच सांगायला लागलो, की बाई, रोज घासतो, पण पोरगीच आळशी. त्या म्हणाल्या, आजोबा, हा मळ नाही, हे आतून आलंय, घासून जाणार नाही. रक्त तपासलं. साखर काठावर आहे. मी वाद घातला, की हा म्हाताऱ्यांचा रोग, मला पन्नाशीनंतर लागला. बाईंनी माझ्या डाव्या पायाकडं बघितलं. (दोन बोटं कापल्यापासून चपलेत पाय नीट बसत नाही, त्यामुळं लपवता येत नाही.) मग विचारलं, घरात हिच्याबरोबर पथ्य कोण करणार? कारण एकट्या पोरीला भाकरी वाढून बाकीच्यांनी वडे हाणले, तर काही उपयोग नाही.

तेव्हापासून घरात सूनबाईचं राज्य आहे. बाटलीतलं थंड पेय बंद, टीव्हीपुढं ताट बंद, रात्री साडेनऊला दिवे बंद, आणि संध्याकाळी सगळ्यांनी रंकाळ्यावर चालायचं. पहिल्या दिवशी आम्ही अर्धा फेरा मारला आणि दम खायला म्हणून भेळेच्या गाडीजवळ थांबलो. दम काही खाल्ला नाही. अमरसिंहनं स्कूटरच्या डिकीत फरसाण दडवलं होतं, ते वासावरून सापडलं. मी माझ्या जुन्या कंडक्टरच्या पिशवीत क्रीमची बिस्किटं ठेवली होती, ती मोनानं शोधली आणि गुपचूप आईला नेऊन दिली. वर मला म्हणाली, "आबा, तुमास्नी कळत न्हाई काय?" त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. माझंच चुकलं होतं, म्हणून जास्त राग आला.

परवा मोरीचं दार बराच वेळ उघडेना. आतून खरखर ऐकू येत होती. दार ढकललं, तर मोना आरशापुढं उभी राहून वजरीनं स्वतःची मान घासत होती. कॉलर लाल झाली होती. मी हात धरला, तर म्हणाली, "रोज घासतोय की आबा, जाईना झालंय. ह्ये ऱ्हायलं तर माझीबी बोटं काढणार व्हय?"

अंबू, मी मोरीत खाली बसलो. तिला सांगितलं, की माझी बोटं साखरेनं नाही, माझ्या जिभेनं गेली. गोळी घ्यायची आणि वर लाडू खायचा, असं मी वीस वर्षं केलं. तू तसं करणार नाहीस आणि मीही आता करणार नाही, असं मोनाला म्हणालो. आपली आई अशीच गेली, आपण तिला शेवटपर्यंत शिरा भरवला आणि त्याला माया म्हणालो. मला फार लाज वाटली. वजरी मी कचऱ्याच्या गाडीत टाकली.

दाजींना नमस्कार.

तुझा दादा,
जोतीराम

ता. क. दर गुरुवारचा डबा बंद कर. पाठवायचाच असेल तर शेवग्याच्या शेंगा, नाही तर मेथी पाठव.

ता. क. २ आजचा डबा सकाळीच आला. वर एवढं लिहिलं खरं, पण स्टँडवरच उभ्या उभ्या दोन लाडू खाल्ले. उरलेले या पत्रासोबत परत पाठवतोय. डबा हलका लागला तर ड्रायव्हरवर संशय घेऊ नकोस.

ता. क. ३ पत्र खरं यासाठीच काढलं होतं आणि लिहायचा धीर होईना, म्हणून बाकीचं लिहीत बसलो. सम्राटचा पाठमोरा फोटो मी मोठा करून बघितला. चारदा बघितला. नऊ वर्षांच्या पोराच्या मानेवर तोच काळा पट्टा आहे. त्याला ओरडू नकोस आणि घासू नकोस. रविवारी पहिल्या गाडीनं त्याला घेऊन ये, मी स्टँडवर उभा असेन.