जादा ट्यूब

मंगळवार, संध्याकाळ. भेस्तान, कारखान्यातच.

रेनकोट जोडणाऱ्या हाय फ्रिक्वेन्सी मशीनची काचेची ट्यूब दुपारी गेली. जादा एकच, तीही दोन वर्षं खोक्यात. अशी पडून राहिलेली ट्यूब आधी चार तास नुसती तापवायची. घाईने हाय व्होल्टेज दिलं, तर आत ठिणगी पडून कायमची जाते.

शेठ म्हणाले, "पाटील, दर तीन महिन्याला तापवतो ने तू? रजिस्टरमध्ये सही छे तुझी. चालू कर ने!"

सही आहे. तापवली एकदाही नाही. गप्प राहून खटका दाबावा?

"शेठ, सह्या खोट्या आहेत."

शेठनी हातातलं घड्याळ काढून ट्यूबशेजारी ठेवलं.

अजून दोन तास. ट्यूब केशरी दिसतेय. रजिस्टर समोर उघडं आहे. आजची सही केलेली नाही.