एकोणपन्नास पानांची भेग

३ फेब्रुवारी, सकाळ

नवीन वर्षाची डायरी एक महिना उशिरा सुरू. बारा महिन्यांतला एक, म्हणजे राऊंड ऑफ केला की शून्यच. उशीर झालेला नाही.

यंदाचा संकल्प एकच. कन्येचा शाळेचा प्रकल्प पहिला आणायचा. गेल्या वर्षीची थर्माकोलची पवनचक्की (कल्पना माझी, डिझाइन माझं, तिचा फक्त डिंक) परीक्षकांनी फुंकर मारताच उलटी फिरली आणि एक पातं निखळून बाईंच्या चहात पडलं. उत्तेजनार्थसुद्धा मिळालं नाही. यंदा स्वतः लक्ष घालणार.

कन्या सहावीत आहे. शाळेतून कागद आलाय. घरात बदलणारी एखादी गोष्ट निवडा, तीन आठवडे रोज मोजा, तक्ता करा, आलेख काढा, निष्कर्ष लिहा. कौशल्यं: मापन, एककांचं रूपांतर, दशांश अपूर्णांक, अंदाज. हे सगळं माझ्या डाव्या हाताचं काम. ऑफिसात तिमाही रिपोर्ट मीच करतो. साहेब म्हणतात, आकडे शांत करावेत तर तुम्हीच.

५ फेब्रुवारी

मी कुंडीतलं रोप सुचवलं. रोज वाढतं, फोटोही छान येतो. कन्या नाही म्हणाली. तिला भेग मोजायची आहे. कुठली भेग, तर म्हणे आजीच्या खोलीतली.

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या पलंगामागच्या भिंतीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून फरशीपर्यंत एक रेघ आहे. तिला भेग म्हणणं म्हणजे अतीच झालं. मी समजावलं की प्रकल्पाला बदलणारी गोष्ट हवी, आणि भिंत बदलत नाही, म्हणून तर आपण तिच्या आत राहतो. ती म्हणाली, मोजल्याशिवाय कसं कळणार? हल्ली शाळेत उलट उत्तरं द्यायला शिकवतात.

शेजारच्या प्लॉटवर नव्या इमारतीसाठी खड्डा खणतायत. दिवसभर धडधड. कपाटातले कप आपापसात बोलतात.

७ फेब्रुवारी, दुपार

तिची पद्धत अशी: जुन्या वहीच्या शंभर पानांची थप्पी मोजली, बरोबर एक सेंटिमीटर भरली. म्हणजे एक पान एक दशांश मिलिमीटर. मग पानांचे तुकडे एकेक करून भेगेत सरकवायचे आणि मोजायचे. आज दहा गेले. एक मिलिमीटर.

डोकं आहे पोरीला, माझ्यावर गेलीय. फक्त सादरीकरणाचा पत्ता नाही. असले चुरगळलेले तुकडे परीक्षक काय बघणार, कपाळ? ठरलं. तिची ती रफ वही, माझी फेअर. रंगीत आलेख, स्पायरल बाइंडिंग, पहिल्या पानावर तिचं नाव मोठ्ठं.

१० फेब्रुवारी

चौदा पानं. फेअरमध्ये एक मिलिमीटर लिहिलं. नियमानं राऊंड ऑफ केलं, उगाच नाही.

सासूबाईंच्या खोलीचं दार खाली घासतंय. लाकूड फुगलं असणार. ही म्हणाली, एवढ्या कोरड्या हवेत लाकूड फुगत नाही. ही लॅबमध्ये रक्त तपासते. तिथे पॉइंटनंतरचे आकडेसुद्धा मनावर घेतात, त्यामुळे स्वभाव तसा झालाय. रविवारी रंधा मारायचा. नक्की.

१२ फेब्रुवारी

सोळा पानं. आली का पंचाईत! आता नियमानं दोन मिलिमीटर लिहावे लागणार. एकाचे दोन, म्हणजे आलेखात थेट दुप्पट. बघणाऱ्याच्या छातीत धस्स होईल. बराच विचार केला आणि ध्यानात आलं की चूक एककातच आहे. मिलिमीटर हे घाबरट माणसांचं एकक. सेंटिमीटरमध्ये घेतलं तर शून्य पूर्णांक सोळा, म्हणजे जवळचा पूर्णांक शून्य. मागचे सगळे आकडेही शून्य. आलेख कसा अगदी फरशीसारखा सपाट आला. एककांचं रूपांतर हे कौशल्यही कव्हर झालं.

कन्येला दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, बाबा, यात भेग कुठे आहे?

१५ फेब्रुवारी

विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं म्हणून भेगेवर आडवी पातळ काचपट्टी चिकटवली. भिंत हलली तर काच तडकेल म्हणे. मी खूप हसलो.

१६ फेब्रुवारी

काच तडकली. सासूबाईंचा धक्का लागला असणार. त्या म्हणतात, मी तिकडे फिरकलेसुद्धा नाही.

१७ फेब्रुवारी

दुसरी काचही गेली. काचेची क्वालिटी राहिली नाही आता.

१८ फेब्रुवारी

सत्तावीस पानं. सारखं त्या रेघेकडे बघून घरातल्यांची मनं बिघडतायत, म्हणून माझं उत्कृष्ट सादरीकरणाचं प्रमाणपत्र फ्रेमसकट बरोबर तिच्यावर टांगलं. खोली एकदम भारदस्त दिसायला लागली. कन्या फ्रेम उचलते, मोजते, परत ठेवते.

सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, भिंत बोलते हो. मी विचारलं, काय म्हणते? तर म्हणे, टक्. थोडा वेळ गप्प बसते आणि पुन्हा टक्. शिवाय त्यांच्या उशीवर पांढरी पूड पडते. मी सहज म्हणालो, कोंडा असेल. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. हीसुद्धा जेवढ्यास तेवढं बोलते.

१९ फेब्रुवारी

फ्रेम तिरकी. सरळ केली. खिळा हलका निघाला.

२० फेब्रुवारी

फ्रेम पुन्हा तिरकी, कालच्याच बाजूला. सरळ केली. रविवारी दाराला रंधा मारायचा राहिला होता, पण आता ते बंदच होत नाही. जे बंद होत नाही ते घासतही नाही. एक काम आपोआप मिटलं.

२१ फेब्रुवारी

बिल्डिंगचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. वरच्या मजल्यावरच्या फरश्या उचकटल्यात, लोकांनी कटकट लावलीय, उद्या सरकारी इंजिनियर बघायला येतोय. बिचारे रडकुंडीला आलेले. मी म्हटलं, घाबरता काय, माझ्याकडे दोन आठवड्यांचा रोजचा डेटा आहे. रंगीत प्रिंट दिली. त्यांनी माझा हातच धरला. संध्याकाळपर्यंत आलेख नोटीस बोर्डावर, वर मोठ्या अक्षरांत: काळजीचं कारण नाही.

येताजाता चार वेळा बघून आलो. फार सुरेख दिसतोय.

२२ फेब्रुवारी

इंजिनियर आला. त्याला आणखी सहा इमारती बघायच्या होत्या, सारखा घड्याळाकडे बघत होता. बोर्डापाशी थांबला. रोज मोजलंत का, असं विचारलं. मी म्हटलं, रोज. वाढ नाही ना? मी आलेखाकडे बोट दाखवलं. त्यानं मान डोलावली, काहीतरी खरडलं आणि गेला. आमच्या घरात आलाही नाही.

जेवताना हिनं विचारलं, खोली दाखवली का त्याला? मी म्हटलं, चांगला रिपोर्ट असला की खोली दाखवावी लागत नाही. कन्या ताटावरून उठली.

२४ फेब्रुवारी

चव्वेचाळीस पानं. त्या खोलीतल्या फरशीवर पेन्सिल ठेवली की ती आपली आपण भिंतीकडे गडगडत जाते. कन्येनं पाचदा करून दाखवलं. पेन्सिल गोल असते, गडगडणारच.

ऑफिसातून आलो तर सासूबाईंचा पलंग बाहेरच्या खोलीत, सोफ्याला चिकटून. मायलेकींनी दोघींनीच ओढला. मला न विचारता! घराची सगळी मांडणी बिघडली. टीव्हीसमोर पाय पसरायला जागा उरलेली नाही. स्वच्छ सांगितलं, प्रकल्प संपला की पलंग जागच्या जागी जायला हवा.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळ

एकोणपन्नास.

उद्या पन्नास झाली की अर्धा सेंटिमीटर. मग नियमानं एक लिहावा लागणार. बोर्डावर शून्य आणि वहीत एक, लोक काय म्हणतील? मी मीटरचा पर्याय काढला. मीटरमध्ये वर्षभर बिनघोर.

कन्या म्हणाली, बाबा, मीटरमध्ये माझी उंची एक आणि तुमची दोन. मग मी तुमच्या निम्मी आहे का?

मी तिला गप्प केलं. फार मोठ्यानं ओरडलो वाटतं, कारण सासूबाईसुद्धा सोफ्यापाशी उठून बसल्या. कन्या रडली नाही. तिनं माझा हात धरून मला खोलीत नेलं, फ्रेम बाजूला केली आणि माझं बोट भेगेवर ठेवलं. आतून गार वारा येत होता. मग तिनं विचारलं, खरंच दिसत नाही का हो तुम्हाला?

भीती वाटली.

वरची ओळ खोडायची आहे. कंटाळा आला, असं लिहायचं होतं.

२६ फेब्रुवारी

प्रकल्प सादर केला. बाइंडिंग अप्रतिम. निष्कर्ष: भेग स्थिर आहे, कुटुंबानं निश्चिंत राहावं. पहिला नंबर कुठे जात नाही.

दुपारी तीन. ऑफिसात बाईंचा फोन. कन्येनं फेअरबरोबर रफ वहीही दिली म्हणे. दोन्हींतले आकडे जुळत नाहीत, खरे कुठले? मी म्हटलं, फेअरमधले. मग त्या म्हणाल्या की कन्येकडून सगळं ऐकून रफ वही त्यांनी त्या सरकारी इंजिनियरकडे पाठवलीसुद्धा, आणि मी आत्ताच्या आत्ता घरी जावं.

संध्याकाळी पाच. तोच इंजिनियर, बरोबर आणखी दोघं. आज कोणी घड्याळ बघितलं नाही. त्यानं कन्येची पद्धत तिच्याकडूनच समजून घेतली, गुडघ्यावर बसून पानं सरकवली. एकसष्ट. तिघांनी एकमेकांकडे बघितलं. बोर्डावरचा आलेख कोणी केला, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, बोर्डावर सेक्रेटरींनी लावला. शेजारचं खोदकाम जागच्या जागी बंद करायला माणूस पळाला. आम्हाला सांगितलं, तासाभरात इमारत रिकामी करा. सगळी सहा घरं.

हिनं औषधं आणि कागदपत्रं घेतली. कन्येनं आजीला हाताला धरून पायरी पायरी उतरवलं. मीही जे हाताला लागलं ते घेऊन धावलो. खाली आल्यावर बघितलं तर हातात माझी फ्रेम.

२८ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

रस्त्याच्या पलीकडे दोरीमागे उभे होतो. आधी टक् ऐकू आलं. सासूबाई म्हणाल्या, हेच ते. मग आमच्या घराचा कोपरा सावकाश खाली बसला. आवाज नंतर आला, धूळ त्याच्याही नंतर. धूळ खाली बसल्यावर सासूबाईंच्या खोलीत पलंगाच्या जागेवर नुसता उजेड होता. आत कोणी नव्हतं. कोणालाच काही झालं नाही. हे मी तीनदा लिहिणार होतो.

सेक्रेटरी माझ्याकडे बघत उभे होते. सासूबाई मात्र दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. माझ्या खांद्यावरची पांढरी पूड झटकली आणि म्हणाल्या, जावईबापू, कोंडा पडलाय.

२ मार्च

मुक्काम कन्येच्याच शाळेत. आम्हाला सहावीचा वर्ग मिळालाय. बाकं सगळी भिंतीशी, मधे गाद्या.

निकाल लागला. पहिला क्रमांक: रफ वही. फेअर वहीवर बाईंचा लाल शेरा: हे निरीक्षण कोणाचं? उत्तर द्यायला खाली चार ओळी सोडल्यात. अजून एकही भरलेली नाही. सकाळपासून पेन घेऊन बसलोय.

मुद्दा असा की मी बदललोय. यापुढे डोळ्यांत तेल घालून बघणार. काहीही राऊंड ऑफ करणार नाही.

दुपारी साडेतीन

आणि लगेच फळ मिळालं! फळ्याच्या उजव्या अंगाला, वरून खाली, सरळसोट भेग. मीच पहिल्यांदा पाहिली. अंदाजे पाच पानं. क्षण वाया घालवला नाही, सगळ्या वर्गांतून ओरडत धावलो. सहाच्या सहा घरं मैदानात. वरच्या मजल्यावरचे आजोबा तर गादीसकट उचलून आणले. सेक्रेटरींच्या एका पायात चप्पल होती. छाती अभिमानानं भरून आली.

कन्या एकटीच शांतपणे वर्गात परत गेली. मी तिच्यामागे गेलो. तिनं खिशातून पानाचा तुकडा काढला आणि भेगेत सरकवायला गेली. गेला नाही. एकसुद्धा नाही. मग तिनं बोट ओलं करून भिंतीवरून फिरवलं.

भेग पुसली गेली. खडू होता.

खिडकीतून सगळं मैदान आत बघत होतं. ही कपाळाला हात लावून उभी होती. कन्येनं बाकावर बसून नवी रफ वही उघडली आणि नोंद केली. मी खांद्यावरून वाचली. वार, वेळ, जागा, आणि खाली: बाबांना भेग दिसली, भेग नव्हती, पानं शून्य.

मी म्हटलं, दिसली तर खरी ना मला? मग कितवा नंबर द्यायचा?

तिनं पेन्सिल कानामागे खोचली, बराच विचार केला, आणि म्हणाली, उत्तेजनार्थ.