काचेवरचं भुरं

२४ नोव्हें.
काचेवर पुन्हा भुरं आलं. परवाच घासलं होतं. चहाच्या कपाले आतून डाग धरते, तसंच. काचेवर, वाळूवर, प्लास्टिकच्या झाडावर, मोटरीच्या नळीवर. बोट फिरवलं की निघते अन् दोन दिवसांत जसंच्या तसं.
पेटी येऊन महिना नाई झाला. पल्लवी दिवाळीले हैद्राबादहून आली ती आदिलाबादले उतरून काचेची पेटी, मोटर, हीटर अन् सहा मासोळ्या घेऊनच. अर्ध्या दिवसात मांडून देल्लं अन् गेली. म्हणे, बाबा, आजीले पाहायले काई तरी पाहिजे. पाहायले आजी, घासायले बाप. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं.
बी.पी. १५०/९४.

२६ नोव्हें.
माय खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. चांगली तासभर. आबा गेल्यापासून तिनं कशात लक्ष घातलेलं मी पाह्यलं नव्हतं. त्यातल्या काळ्या मोली मासोळीले 'पाटलीण' म्हणते, सगळ्याइले ढकलून आधी खाते म्हणून.
तिले नार्नूरकडच्या गावाहून इथं इंद्रवेल्लीले आणून तीन महिने झाले. तिथं एकटी. विहिरीवर पाय घसरला, दोन घंटे पडून होती, कोणाले पत्ता नाई. तरी यायले तयार नव्हती. शेवटी अट घातली, 'संक्रांतीपरेंत पाहीन. नाई करमलं तर मले आडवू नको.' मी हो म्हटलं. आता हो म्हटलं ते म्हटलं.
म्हणून घासून राह्यलो. काच साफ राह्यली तर पाटलीण दिसन, पाटलीण दिसली तर माय राहीन. हिशेब एवढाच हाय.

२९ नोव्हें.
आदिलाबाद. मासोळीवाला गुटखा चघळत म्हणे, 'नया टैंक है साहब, आता ही है. ज्यादा छेड़ो मत, अपने आप जाएगा.'
अपने आप! एकतीस वर्षं तहसीलमधे बसून मी लोकाइले हेच सांगतलं. होऊन जाईल, रेपु रा, उद्या ये. अपने आप काई होत नाई, हे माझ्याइतकं कोणाले माईत असन?
त्यानं एक सकर मासोळी देल्ली. काच चाटून साफ करते म्हणे.

१ डिसें.
सकर दोन दिवसांपासून मोटरीमागं झोपेल हाय. काच तशीच. आमच्याच खात्यातली निघाली.
आज जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडली. दातांच्या ब्रशनं नळी. वाळू काढून परातीत धुतली, पाठ धरली. सुमन दारात उभी राहून पाहत होती. म्हणे, लग्नाले तेहतीस वर्षं झाली, तुमाले परात घासताना आज पाह्यलं.

४ डिसें.
दोन गप्पी मेल्या. मायनं कढीपत्त्याच्या झाडाखाली पुरल्या. दुपारी जेवली कमी.
काचेवरची तापमानाची पट्टी सकाळी १९ दाखवते, दुपारी २५. हीटर रात्रभर चालू. म्हणजे हीटर खराब. म्हणजे फसवलं.

७ डिसें.
पुन्हा आदिलाबाद. बाहेर इतका गारठा की मफलर काढवत नाई, अन् मी बसमधे हीटर मांडीवर घेऊन. दुकानात जाऊन बरंच बोललो, चार माणसं जमली. त्यानं गुमान हीटर बाल्टीत सोडला. अर्ध्या घंट्यात पाणी कोमट. चार माणसं माझ्याकडं पाहू लागली.
मग मलेच विचारते, 'पानी रोज बदलते क्या?' म्हटलं, हप्त्यातून एकदा, दोन बाल्ट्या, तुमीच सांगतलं तसं. तो हसला फक्त. लबाड माणसाकडं पाहून आमी ऑफिसात हसत होतो तसा.

९ डिसें.
पल्लवीचा फोन. तिनं कुठंकुठं वाचून काढलं. ते भुरं म्हणजे बारीक शेवाळ. बोरच्या पाण्यात दगडवाळूतलं काई तरी विरघळेल असते, त्याच्यावर ते जगते. जुनं पाणी तसंच राह्यलं तर खाणं संपते अन् ते आपोआप जाते. 'पण बाबा, तुमी रोज नवीन पाणी घालून राह्यले का?' आता पोरगीही तेच विचारते.
रोज कोण घालते! मले काई दुसरे धंदे नाईत का?

१२ डिसें.
पुन्हा भुरं. तिसऱ्यांदा मोटर खोलली. एक स्क्रू सापडत नाई.
अंगणातल्या कुंडीतली मेथी मात्र हातभर झाली. सुमनले विचारलं, पाणी कोण घालते? म्हणे, मी नाई. कढीपत्त्याच्या बुडाशी सकाळी चिखल. मीच घालतो का झोपेत?

१३ डिसें.
सापडलं.
पाचले जाग आली. बैठकीत लाइट. माय पदर खोचून पेटीपाशी उभी, लोट्यानं पाणी काढून बाल्टीत टाकून राह्यली. शेजारी गच्चीवरच्या टाकीतून भरेल बोरच्या पाण्याची बाल्टी, बर्फासारखी. पाटलीण कोपऱ्यात दबेल. अर्धी पेटी रिकामी झालती.
मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाई. बाजूच्या घरचा लाइट लागला, एवढं.
माय म्हणे, 'शिळ्या पान्यात जीव ठेवते का कोनी? तू पेतं का शिळं?'
पेटी मांडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज. उजाडायच्या आत, कोणाले त्रास नको म्हणून चूपचाप. वीस लोटे काढायचे, वीस टाकायचे. काढेल पाणी मेथीले अन् कढीपत्त्याले. मी दिवसा भुरं घासतो अन् ही सकाळी त्याले खाऊ घालते. काखेत कळसा अन् गावाले वळसा, आदिलाबादचे दोन फेरे, चार माणसांत शोभा.
म्हणून मी म्हटलं, 'तूच मारल्या त्या गप्प्या. आता हात लावू नको याले.'
तिनं लोटा खाली ठेवला. पदर सोडला अन् आत गेली.

१४ डिसें.
माझं काई चुकलं नाई. गार पाण्यानं मासोळी मरते, ते शास्त्र हाय. सुमन दोन शब्दांच्या वर बोलून नाई राह्यली.

१९ डिसें.
पट्टी सकाळी २५. भुरं वाढलं नाई. मीही घासलं नाई. मासोळीवाल्याचं ऐकलं, हे त्याले कळू नये.

२४ डिसें.
समोरची काच अर्धी साफ. आपोआप. सकर पण बाहेर आली, काम संपल्यावर.

२९ डिसें.
काच चकचकीत. वाळूचा दाणा न् दाणा दिसते. पाटलीण मधातून फिरते, तोऱ्यात. प.ले फोटो पाठवला. तिनं टाळ्या पाठवल्या अन् खाली विचारलं, आजी काऊन नाई फोटोत?

२ जाने.
माय आतल्या खोलीत, भिंतीकडं तोंड करून. खुर्ची तिनंच मागं सरकवून ठेवली. पेटीसमोरून जाताना मान खाली घालून जाते. कढीपत्त्यालेही पाणी घालत नाई. निवडायले मेथी देल्ली तर म्हणे, 'हात लावला तं चालन का?'
आज विचारलं, नार्नूरची गाडी सकाळी किती वाजता? सातची, म्हटलं. काय सांगू दुसरं?

५ जाने.
सुमन शेवटी बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न पाहता. म्हणे, साठ वर्षं तिनं उजाडायच्या आत शिळं पाणी तुळशीले टाकलं, हंडे चिंचेनं घासले अन् विहिरीचं ताजं भरलं. इथं आपण भिंतीवर पाणी गाळायचं मशीन लावलं अन् हंडे माळ्यावर टाकले. 'या घरात तिनं भरावं असं तेवढंच पाणी होतं. काच साफ केली तुमी. आता पाहाते कोण?'
जेवण गेलं नाई. बी.पी. पाह्यला नाई.

९ जाने.
मायजवळ बसलो. बोलायले गेलो अन् हीटरबद्दल बोलून आलो. माझं चुकलं असं मी कधी कोणाले लेखी देल्लं नाई, तोंडी तर नाईच. ती हं हं करत राह्यली.
कापडी पिशवीत दोन लुगडी घडी करून ठेवेल दिसली. आबाचा चष्मा पण.

१२ जाने.
माळ्यावरून तांब्याचा हंडा काढला. काळा ठिक्कर. चिंच लावून मीच घासला, अर्धाच निघाला. सुमन हसली नाई, ही तिची मेहरबानी.

१४ जाने. संक्रांत.
मायच्या पाया पडलो. तिनं तिळगूळ हातावर ठेवला. गोड बोल म्हणायचं असते, दोघंही म्हटलो नाई. उद्या सातची गाडी. पिशवी दारापाशी आणून ठेवली तिनं.
संध्याकाळी हंडा भरून पेटीपाशी ठेवला, वर तिचा लोटा. रात्रभर घरात राह्यलं की पाण्याचा गारठा मरते. तिले ऐकू जाईल असं म्हटलं, 'माय, पेटीतलं पाणी रोज उडून कमी होते. एकदोन लोटे लागते. माझ्यानं ध्यानात राहत नाई.' अन् मग कसं तरी तोंडून निघालं, 'तवा मी बोललो ते खोटं होतं. थंडीनं मेल्या त्या.'
ती पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. म्हणे, 'लाइट बंद कर, मले झोपू दे.'

१५ जाने.
सहाले उठलो. हंडा अर्धा. लोटा ओला. कढीपत्त्याच्या बुडाशी चिखल. म्हणजे नुसतं भरलं नाई, शिळं काढलंच. एकदोन लोटे सांगतले होते. ऐकन ती माय कसली! पट्टी २४. पाटलीण ठीक. डाव्या कोपऱ्यात भुऱ्याची बारीक रेघ हाय, जुनी का नवी, देव जाणे. ब्रश हातात घेतला होता, ठेवून देल्ला.
माय खुर्ची ओढून पेटीसमोर बसेल हाय. डोक्यावरून शाल, पायात चपला घालेल. पिशवी दारापाशीच. आता सहा चाळीस. विचारायची हिंमत नाई.
सुमनले सांगतलं, चहा आज निवांत उकळू दे.